दोन कॉइलमधली शांतता

तुमच्या टेबलावर स्वस्तातला एक मेटल डिटेक्टर उघडा पडला आहे. आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड. एका आयसीवरचा नंबर कारखान्यातच खरवडून टाकलेला. सर्किटचा नकाशा कुठेच मिळत नाही, म्हणून तो तुम्हीच उलटा शोधत निघाला आहात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, हातात पेन्सिल, मल्टिमीटर बीपवर लावलेला. दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो, आणि कागदावर एक रेघ वाढते.

खालच्या थाळीत दोन कॉइल आहेत. पहिलीतून उलटसुलट वीज वाहते. तिच्यालगतचा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा, आणि मीटर ६.५ किलोहर्ट्झ दाखवतो. गणित केलंत की कॉइल साधारण ६ मिलिहेन्रीची निघते. दुसरी कॉइल नुसती ऐकते. दोघी अशा बेताने बसवल्या आहेत की पहिलीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत जेवढं एका दिशेने शिरतं, जवळपास तेवढंच उलट दिशेनेही शिरतं. बेरीज शून्याजवळ. धातू आला की तोल ढळतो. उरलेला सगळा बोर्ड त्या ढळण्याचा आवाज मोठा करण्यासाठी आहे. इतक्या कमी पैशांत इतकी नाजूक शांतता कुणीतरी बांधली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. ऐकणाऱ्या कॉइलच्या कपॅसिटरचा एक पाय तुमच्या नकाशात अधांतरी आहे. तुम्ही मीटरचं टोक त्यावर टेकवता. बीप नाही. पुन्हा टेकवता, आणि कानात खरखर सुरू होते.

२६ जुलै १८८१. वॉशिंग्टन, व्हाइट हाउसमधली आजाऱ्याची खोली. बाहेर उकाडा, आत बर्फावरून आणलेली गार हवा. पलंगावर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड. २ जुलैला रेल्वे स्टेशनात त्यांच्यावर गोळी झाडली गेली, ती अजून अंगात आहे. ती चाचपडताना डॉक्टरांची न धुतलेली बोटं जखमेत गेली आहेत. तुमच्या पोटात गोळा येतो. जंतूंची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे आणि या खोलीत तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

टेलिफोन कानाला लावून उभे आहेत ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल. चौतिशीचे. सोबत मदतनीस सम्नर टेन्टर. त्यांच्या हातातलं यंत्र तुम्ही लगेच ओळखता. बॅटरी, वीज भराभर तोडणारी कळ, एक बोलणारी कॉइल, एक ऐकणारी. स्पीकरच्या जागी टेलिफोन. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये मांडलेला ‘इंडक्शन बॅलन्स’ हा त्याचा पाया. जुन्या युद्धातल्या गोळ्या अंगात वागवणाऱ्या सैनिकांवर बेलनी तो आधी तपासून पाहिला आहे. पण आज खरखर थांबत नाही. तुमची नजर सवयीने तारांवरून फिरते आणि कपॅसिटरशी अडखळते. तो चुकीचा जोडला गेला आहे! तुम्ही बोट दाखवता. कुणी बघत नाही. ही चूक बेलना परत गेल्यावर सापडेल.

१ ऑगस्टला तुम्ही पुन्हा तिथेच उभे आहात. आता जोडणी बरोबर आहे. टेलिफोनमध्ये क्षीण आवाज येतो, पण एका बिंदूवर नाही, बऱ्याच मोठ्या भागावर. गारफील्ड यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांची खात्री आहे की गोळी उजवीकडे आहे, त्यामुळे शोध उजवीकडेच. रुग्णाखाली घोड्याच्या केसांची गादी आहे, आणि तिच्याखाली पोलादी तारांची दुसरी. हे बेलना तेव्हा माहीत नाही. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली.

खरखर पुसट होत जाते. वाटेत क्षणभर १९४१ चं स्कॉटलंड दिसतं. पोलंडचे अधिकारी युझेफ कोसात्स्की सुरुंग शोधण्याच्या काठीला त्याच दोन कॉइल बसवत आहेत. पुढच्या वर्षी अशी ५०० यंत्रं इजिप्तमधल्या अल-अलामेनच्या वाळूत सैनिकांच्या पुढे चालतील. कोसात्स्कींनी पेटंट घेतलं नाही.

मग परत तुमचा हिरवा बोर्ड. या वेळी तुम्ही कपॅसिटरला दोष देत नाही, स्वतःच्या नकाशाकडे बघता. भिंग घेता. शेजारच्या जाड पार्टाच्या पोटाखाली, लाखेच्या थराखाली, टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. त्यातून ट्रॅक पलीकडच्या बाजूला उतरला आहे. लाख खरवडून टोक टेकवता. बीप. अधांतरी पायाला रेघ मिळते.

बॅटरी जोडून तुम्ही यंत्र चालू करता. ते अखंड गुणगुणतं. बटण फिरवूनही थांबत नाही. तुम्ही थाळीखाली पाहता. टेबल लोखंडी आहे. खिडकीपाशी नेता, तर तिथे गज. फरशीवर ठेवावं, तर स्लॅबमध्ये सळया. शेवटी सगळा पसारा दोन्ही हातांत धरून, वायर सांभाळत, तुम्ही जिना उतरता आणि मातीत जाऊन उभे राहता.

गुणगुण थांबते. तुम्ही खिशातलं नाणं काढून पायाशी टाकता आणि थाळी हळूहळू त्याच्याकडे नेऊ लागता.