लिनिएज ओएस

लिनिएज ओएस : कंपनीने अद्यतने देणे थांबवलेल्या फोनवर अँड्रॉइडची नवी आवृत्ती चालावी म्हणून स्वयंसेवकांनी जोपासलेली मुक्त संगणकप्रणाली. अशा प्रणालींना वापरणारे ‘कस्टम रॉम’ म्हणतात आणि ती फोनवर चढवण्याला ‘रॉम टाकणे’. लिनिएजची घोषणा २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली. तिचे कूळ मात्र २००९पर्यंत मागे जाते.

त्या वर्षी स्टीव्ह काँडिक या अमेरिकी प्रोग्रॅमरने एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी सायनोजेनमॉड तयार केले. गूगलची बंदिस्त ॲप त्यात घालून वाटण्यास गूगलने सप्टेंबर २००९मध्ये हरकत घेतली. तेव्हापासून प्ले स्टोअर आणि त्याच्या जोडीची ॲप वेगळी मिळवून टाकावी लागतात. २०१३मध्ये या कामाभोवती कंपनी उभी राहिली. २०१४चा वनप्लस वन आणि भारतात मायक्रोमॅक्सचा यू यूरेका हे फोन तिचीच प्रणाली घेऊन बाजारात आले. पण डिसेंबर २०१६मध्ये कंपनीने सेवा गुंडाळल्या. नाव कंपनीचे होते, कोड मुक्त परवान्याखाली होता. स्वयंसेवकांनी कोड उचलला, नाव बदलले आणि काम चालू ठेवले.

लिनिएजचा खरा कणा म्हणजे मेंटेनर, एखाद्या मॉडेलची जबाबदारी घेणारी व्यक्ती. फोनचा लिनक्स गाभा जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे त्याचा स्रोत कंपन्यांना खुला करावा लागतो. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे बरेचसे भाग मात्र बंदिस्तच राहतात. कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीतून त्या तयार फायली काढून, ज्या अँड्रॉइडसाठी त्या कधी लिहिल्याच नव्हत्या त्याच्याशी त्यांचे जुळवून देणे, हे मेंटेनरचे काम. नोकरी सांभाळून, रात्री जागून आणि बहुधा विनामोबदला केलेल्या या कामाला कारागिरीच म्हटले पाहिजे. सॅमसंग गॅलेक्सी एस५ हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१४च्या या फोनला कंपनीने अँड्रॉइड ६वर सोडले, तर लिनिएज १८.१ने त्यावर अँड्रॉइड ११ चालवले. त्याचे मागचे झाकण नखाने उघडते आणि दमलेली बॅटरी काढून नवी बसवता येते, हेही त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण.

रॉम टाकण्याआधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली तपासणारा पहारेकरी, अनलॉक करावा लागतो. त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, म्हणून फोटो आधी बाहेर काढून ठेवावेत. काही कंपन्या हे कुलूप उघडू देतात. हुआवेने मात्र २०१८मध्ये त्यासाठीचा अनलॉक कोड देणे बंद केले. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली मालकाकडे असावी, हा वापरकर्त्यांचा आग्रह रास्त आहे.

लिनिएजच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या विभागात सुरक्षेच्या दोन तारखा दिसतात. अँड्रॉइडची तारीख अलीकडची असते. तिच्या जवळच असलेली व्हेंडरची, म्हणजे कंपनीकडून आलेल्या बंदिस्त भागांची, तारीख जुन्या फोनवर बहुधा कंपनीने हात काढून घेतला तिथेच थांबलेली असते. बंदिस्त भागांतील दोष स्वयंसेवकांना बुजवता येत नाहीत, हेच ती दुसरी तारीख सांगते. शिवाय अनलॉक केलेला फोन गूगलच्या तपासणीत अडकतो, त्यामुळे बँकांची आणि यूपीआयची काही ॲप त्यावर उघडत नाहीत. भाजीवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागलेल्या आपल्या शहरांत ही अडचण मोठी आहे. व्होल्टीई, म्हणजे ४जी जाळ्यावरून कॉल करण्याची सोय, न चालणाऱ्या रॉमवर जिओचे साधे कॉलही होत नाहीत.

मराठी वाचकांसाठी एक नोंद : मूळ अँड्रॉइडच्या मेनूंमध्ये मराठी आली ती २०१४च्या ५.० आवृत्तीत. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर अडकलेल्या कित्येक फोनांना ती अशा रॉममुळेच मिळू शकली.

मेंटेनर थांबला आणि दुसरा मिळाला नाही, की त्या मॉडेलचे अधिकृत बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेल्या तयार आवृत्त्या, बंद होतात. कोड मात्र खुलाच राहतो. ज्याच्याकडे तो फोन, संगणक आणि चिकाटी आहे, त्याला स्वतः बिल्ड करून तिथून पुढे काम सुरू करता येते.