तारीख आणि तवारीख : दिनविशेषाच्या प्रश्नांविषयी काही विचार

मराठी शाळांच्या परिपाठात प्रार्थना आणि सुविचार यांच्यामागोमाग दिनविशेष येतो. आजच्या तारखेस पूर्वी काय घडले, हे फळ्यावर लिहिले जाते आणि त्यावर एखादा प्रश्न विचारला जातो. स्पर्धापरीक्षांच्या तयारीतही याच प्रकारचे प्रश्न रोज सोडविले जातात. इतिहासाशी बहुसंख्य लोकांचा नित्य संबंध येतो तो बहुधा या एका वाटेने. म्हणून हा विषय किरकोळ समजून सोडून देणे योग्य होणार नाही.

बोईसरजवळच्या पाम परिसरातील एका शाळेत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. प्रश्न होता : 'तारापूरचे अणुवीजकेंद्र केव्हा सुरू झाले?' एका मुलीने १९ जानेवारी १९७० असे उत्तर दिले. तिच्या आजोबांनी त्या दिवसाची आठवण तिला सांगितली होती. उत्तरपत्रिकेत मात्र २८ ऑक्टोबर १९६९ ही तारीख होती. मुलीचे उत्तर चूक ठरले आणि ती खाली बसली.

वस्तुतः दोन्ही तारखा खऱ्या आहेत. केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीत स्वयंपोषी शृंखलाप्रक्रिया फेब्रुवारी १९६९ मध्ये साधली. व्यापारी तत्त्वावर वीजपुरवठा २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाला. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केंद्राचे राष्ट्रार्पण केले ते १९ जानेवारी १९७० रोजी. वाद तारखेचा नसून 'सुरू होणे' या क्रियापदाचा आहे. शास्त्रज्ञाच्या लेखी भट्टी जागी झाली की केंद्र सुरू होते, हिशेबनिसाच्या लेखी वीज विकली जाऊ लागली की, आणि गावकऱ्याच्या लेखी पंतप्रधान येऊन गेल्या की. प्रश्न विचारणाऱ्याने यांपैकी कोणता अर्थ घेतला, हे प्रश्नात कोठेही सांगितलेले नव्हते. ज्याला आपण ऐतिहासिक घटना म्हणतो ती पुष्कळदा अशी एक प्रक्रिया असते आणि तिच्यातील कोणत्या क्षणाला नाव द्यावयाचे, हे भाषा ठरविते.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईच्या शरणागतीची तारीख मराठी ग्रंथांत ५ मे अशी आढळते, तर पोर्तुगीज कागदांच्या आधारे लिहिलेल्या ग्रंथांत १६ मे. किल्ल्याचा प्रत्यक्ष ताबा मिळाला त्या दिवसाबद्दलही १२ मे आणि २३ मे असे दोन उल्लेख येतात. पोर्तुगीजांनी ग्रेगोरी पोपची सुधारलेली गणना १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती १७५२ साली घेतली. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरण्यात आला. अठराव्या शतकात दोन्ही गणनांत अकरा दिवसांचे अंतर होते. १७५२ पूर्वीच्या तारखा मराठी इतिहासग्रंथांत बहुधा जुन्या गणनेने दिल्या जातात. म्हणजे ५ मे आणि १६ मे हा एकच दिवस होय. परंतु आजच्या दिनदर्शिकेतील ५ मे या दिवशी आपण वसईचा दिनविशेष लिहितो तेव्हा जुन्या गणनेतील आकडा नव्या गणनेच्या चौकटीत बसवितो, याची जाणीव फारशी कोणास नसते. शिवराज्याभिषेकाचेही असेच आहे. ६ जून १६७४ ही जुन्या गणनेतील तारीख असून नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो.

प्रत्यक्ष मराठी कागदांत तर यांपैकी एकही तारीख नसते. तेथे शक, संवत्सर, तिथी असते, किंवा 'छ' या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. पुष्कळ पत्रांत सालही नसते. ते मजकुरावरून ठरवावे लागते. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्तास बदलतो, पंचांगाचा वार सूर्योदयास आणि इंग्रजी तारीख मध्यरात्रीस. रात्री घडलेल्या गोष्टीची तारीख ठरविताना या तीन सीमांची आठवण ठेवावी लागते. जंत्री उघडून सापडलेली तारीख हे संशोधकाचे अनुमान असते. दिनविशेषाच्या फळ्यावर येईपर्यंत त्याची वस्तुस्थिती झालेली असते. तिथीने काळ मोजणे हे केवळ जुन्या दप्तरांतच उरले आहे असेही नाही. सातपाटीच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग यांवरच मासेमारीचा हिशेब आजही चालतो.

या संदर्भात 'तारीख' या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. मूळ अरबीत तारीख म्हणजे दिनांक आणि तारीख म्हणजेच इतिहास. तवारीख हे त्याचे अनेकवचन. मराठीत तारीख आली ती दिनांकाचा अर्थ घेऊन. इतिहास हा अर्थ तवारीख या शब्दाबरोबर फारसी वळणाच्या लेखनापुरता राहिला आणि मागे पडला. शब्दाच्या बाबतीत जे घडले तेच दिनविशेषात इतिहासाच्या बाबतीत घडताना दिसते.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण पालघरचेच आहे. ८ ऑगस्ट १९४२ च्या मुंबईतील ठरावानंतर १४ ऑगस्ट रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी त्यांना अभिवादन केले जाते. दिनविशेषाच्या प्रश्नात मात्र 'किती हुतात्मे?' एवढेच विचारले जाते आणि 'पाच' हे उत्तर पुरेसे ठरते. मोर्चा कोठून निघाला, कचेरीवरच का गेला, किनाऱ्यावरील आणि आतील गावांतून माणसे कशी जमली, हे प्रश्न पर्यायांच्या चौकटीत बसत नाहीत. ही घटना कोणत्या जिल्ह्यातील, असे विचारल्यास त्यालाही दोन उत्तरे संभवतात. कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि १९४२ साली हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. तसेच अणुवीजकेंद्राच्या पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील लोकांना ज्या दिवसांत घरे सोडावी लागली, ते दिवस कोणत्याही यादीत नाहीत. यादीत येणारी तारीख निवडली जाते ती बहुधा समारंभ करणाऱ्याकडून.

तात्पर्य, दिनविशेष टाकून द्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. लहानपणी पाठ केलेली तारीख पुढील वाचनाला खुंटीसारखी उपयोगी पडते. मात्र ती देताना चार गोष्टी सोबत असाव्यात : मूळ कागदातील मिती, तिची दोन्ही गणनांतील तारीख, घटनेचा नेमका कोणता टप्पा अभिप्रेत आहे तो, आणि ही नोंद कोणी केली ते. पालघर, माहीम, तारापूर, सातपाटी या परिसरापुरते असे टिपण तयार करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. कचेरीतील कागदांबरोबर गावातील वृद्धांच्या आठवणीही त्यात नोंदवाव्यात. तसे झाले असते तर त्या मुलीच्या उत्तरापुढे चुकीची खूण पडली नसती. तिच्या आजोबांना आणखी काय आठवते, हे विचारून घेणे शिक्षकांना सुचले असते.