खुब्याच्या सांध्याची विकासजन्य अस्थिरता

खुब्याच्या सांध्याची विकासजन्य अस्थिरता हा अर्भकांत आढळणारा अस्थिविकार आहे. यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत नीट बसत नाही. तो सैल राहतो, अंशतः सरकतो किंवा पूर्णपणे निखळतो. तान्ह्या बाळाला याची सहसा वेदना होत नाही. त्यामुळे मुद्दाम तपासणी न केल्यास मूल चालू लागेपर्यंत हा दोष लक्षात न येण्याचा संभव असतो.

रचना

खुबा हा उखळीचा सांधा आहे. जन्मतः त्याची खोबण बरीचशी कूर्चेची असते. माथा जागेवर असल्यास त्याच्याभोवती खोबण खोल व गोल होत जाते. तो सरकलेला असल्यास ती उथळच राहते.

कारणे

मुली, पहिली अपत्ये, गर्भाशयात पायाळू असलेली मुले आणि कुटुंबात हा विकार असलेली मुले यांत त्याचे प्रमाण अधिक असते. डावा खुबा जास्त वेळा बाधित होतो. बाळाचे पाय सरळ व एकमेकांना जोडून दुपट्यात घट्ट गुंडाळल्यानेही धोका वाढतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही पद्धत टाळण्याचा प्रचार झाल्यावर या विकाराचे प्रमाण बरेच घटले.

निदान

नवजात बाळाची तपासणी प्रामुख्याने दोन चाचण्यांनी होते. ओर्तोलानी चाचणीत मांड्या बाहेर फाकवताना निखळलेला माथा खोबणीत परतल्याचे हाताला जाणवते. बार्लो चाचणीत मांडी आत आणून मागे हलका दाब दिल्यास सैल माथा बाहेर सरकतो. पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफी व त्यानंतर क्ष-किरण चित्र उपयुक्त ठरते. मांडी पुरेशी न फाकणे, एक पाय आखूड दिसणे व पुढे लंगडत चालणे ही उशिरा दिसणारी लक्षणे होत.

उपचार

सहा महिन्यांच्या आत निदान झाल्यास बहुधा पाव्हलिक पट्टा वापरतात. चेक अस्थितज्ज्ञ आर्नोल्ड पाव्हलिक यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा मांड्या दुमडलेल्या व फाकलेल्या स्थितीत ठेवतो. त्यानंतर भूल देऊन सांधा बसवणे व प्लास्टर घालणे, तर दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. उपचार न झाल्यास तरुणपणीच सांध्याची झीज होऊन पुढे कृत्रिम सांधा बसवावा लागू शकतो.

प्रतिबंध

बाळाला गुंडाळताना त्याचे पाय दुमडण्यास व फाकवण्यास मोकळीक ठेवावी. कडेवर घेतलेल्या बाळाच्या मांड्या फाकलेल्या राहतात. ही स्थिती सांध्याच्या वाढीस अनुकूल असते. पायाळू बाळाच्या पहिल्या तपासणीत दोष न आढळला, तरी पुढे सोनोग्राफी करून घेणे इष्ट ठरते.