ट्रॅक्टरचा सीटबेल्ट कधी बांधावा, कधी बांधू नये

बांधाचा उतार, शेततळ्याचा भराव, चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर उलटतो तो बहुधा अशाच ठिकाणी. "उलटायला लागला तर उडी मारू," असे बरेच चालक सांगतात. ट्रॅक्टर मागे उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो आणि तोल गेल्याचे लक्षात येण्यातच त्यातला निम्मा वेळ जातो. उडी मारलीच, तर चालक बहुधा ट्रॅक्टर ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला पडतो.

सीटमागची पोलादी संरक्षक चौकट (रोल बार) उलटलेल्या ट्रॅक्टरचा भार पेलते आणि चालकापुरती मोकळी जागा राखते. बेल्ट त्याला त्या जागेत धरून ठेवतो. बेल्ट नसेल तर चालक फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडू शकतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला चौकट सक्तीची केली आणि पुढे तिथले उलटण्याने होणारे मृत्यू खूप घटले.

मात्र चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट बांधू नका. तिथे बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखालीच अडकवतो. बागेत फांद्यांखालून जाताना चौकट दुमडली असेल, तर तेवढा वेळ बेल्ट सोडा. बाहेर आल्यावर आधी चौकट उभी करा, मग बेल्ट लावा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइपची चौकट करून घेऊ नका. छत म्हणजेही चौकट नव्हे. जेसीबी किंवा पोकलेनला कंपनीची संरक्षक केबिन असते, म्हणून तिथे बेल्ट कायम बांधावा.

चालक बेल्ट टाळतात त्यामागची कारणे खोटी नसतात. रोटाव्हेटर चालवताना सारखे मागे बघावे लागते, चढउतार सतत असते, बकल धुळीने घट्ट झालेले असते. विस्तार कार्यकर्त्यांनी भाषण देण्यापेक्षा चालकाला सीटवर बसवून बेल्ट लावून दाखवावा. पट्टा पोटावरून नको, कमरेच्या हाडावरून घट्ट घेतला की छाती मोकळी राहते आणि मान-खांदे वळवता येतात. बकल ब्रशने आणि पट्टा साध्या पाण्याने धुवावा, डिझेलने नव्हे. पट्ट्याचे धागे सुटले असतील तर शिवत बसू नये, अख्खा बेल्ट बदलावा. ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या मालकाने ही अट चालकाला कामावर घेतानाच सांगावी, कारण अपघातानंतर निस्तरायचे त्यालाच असते.

रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला लावा. वरच्या लिंकला किंवा एक्सलला लावली की पुढची चाके उचलली जातात.