जहांगीराच्या खंजिराची मूठ

मोगल बादशहा जहांगीर (राज्यकाल १६०५–१६२७) आपल्या आत्मचरित्रात एका ‘माशाच्या दाता’चे मनापासून कौतुक करतो. वस्तुतः तो आर्क्टिक समुद्रांतील वॉलरस या सस्तन प्राण्याचा सुळा होता. त्यापासून खंजिराच्या मुठी घडविणाऱ्या पूरण व कल्याण या कारागिरांची नावेही बादशहाने नोंदविली आहेत.

त्याला भुरळ पडली ती त्या सुळ्यातील चित्रविचित्र रंगछटांची. वॉलरसच्या सुळ्याचा गाभा दुय्यम दंतद्रव्याचा असून तो संगमरवरासारखा ठिपकेदार दिसतो. हत्तीच्या सुळ्यात असा गाभा नसतो. त्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसतात.

भारतात आज हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. त्यामुळे जुनी मूठ नेमकी कशाची, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा उरत नाही. चारशे वर्षांपूर्वी सौंदर्य म्हणून जपलेले तेच ठिपके आज तिची ओळख पटवितात.