सौंफचं कुरण

रायपूरहून, तेलीबांधा तलावाजवळच्या माझ्या घरातून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका कुरणाबद्दल बोलणार आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता कान्ह्याला गेलो. तेलीबांध्याहून बेमेतरा, कवर्धा आणि मग चिल्फीचा घाट करत मुक्कीचं गेट, म्हणजे दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर. सौभाग्यवतींना वाघ बघायचा होता. मला बघायचा होता बारशिंगा.

आधी थोडा इतिहास. आज कान्हा मध्य प्रदेशात, ताडोबा महाराष्ट्रात आणि रायपूर छत्तीसगडमध्ये. पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत ही तिन्ही ठिकाणं एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी होती आपलं नागपूर. कान्ह्याच्या जंगलाला 1933 मध्येच अभयारण्याचा दर्जा मिळाला होता, पण शिकार काही थांबली नव्हती. 1947 ते 1951 या काळात एका राजघराण्यातल्या शिकाऱ्याने या भागात 30 वाघ मारले. त्यावर ओरड झाली. मग 1955 साली नागपूरहून कायदा झाला आणि 1 जूनला कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं. ताडोबाही त्याच वर्षीचं. म्हणजे ही दोन्ही उद्यानं सख्खी भावंडं. पुढे राज्यांच्या वाटण्या झाल्या आणि भावंडं वेगवेगळ्या घरी गेली.

बंदूक थांबली, तरी बारशिंगा कमी होतच गेला. हा मध्य भारतातला, टणक जमिनीवर राहणारा बारशिंगा. त्याचे उत्तरेकडचे भाऊबंद दलदलीत राहतात, हा कोरड्या कुरणात. 1930 च्या दशकात त्याची संख्या सुमारे तीन हजार असावी असा अंदाज होता. 1970 मध्ये उरले 66. आणि कान्ह्याबाहेर जगात कुठेच नाही. आमच्या फौजेच्या भाषेत सांगायचं तर एका कंपनीइतकीसुद्धा संख्या नव्हती.

कारण काय? गवत. चितळ झाडपालाही खाऊन राहतं, बारशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो. त्याची मादी पाडस लपवते तेही उंच गवतात. जंगलातल्या गावांची गुरं ते गवत चरत होती आणि वणवे लावून कुरणं जाळली जात होती. लपायला जागाच नाही म्हटल्यावर पाडसं वाचणार कशी?

त्या वेळी मंडल्याचे जिल्हाधिकारी होते एम. के. रणजितसिंह. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करणाऱ्यांत तेही होते. कुरणाच्या मधोमध असलेलं सौंफ हे गाव त्यांच्या पुढाकाराने बाहेर हलवलं गेलं. शिकारी जनावर आत येऊ नये असं कुंपण घालून बारशिंगे वाढवले गेले. नंतरच्या काळात गाभा क्षेत्रातली सुमारे दोन डझन गावं उठली. गवत परत आलं आणि गवतामागून बारशिंगा. आज कान्ह्यात ते हजाराच्या घरात आहेत. 2015 पासून सातपुड्यात आणि 2023 मध्ये बांधवगडातही इथूनच बारशिंगे नेऊन सोडले.

मी हे सगळं वाचून गेलो होतो. पहाटेच्या थंडीत जिप्सी सौंफच्या कुरणाशी थांबली. धुक्यातून नराची हाक आली, लांबून कुणी बिगुल फुंकावं तशी. छत्तीस वर्षं बिगुलावर उठलेला माणूस मी, अंगावर काटा आला. शिंगांत गवताचे झुपके अडकवून एक नर समोरून चालत गेला. आमचा गाईड तिशीतला, बैगा समाजाचा. मी त्याला जरा जोरातच म्हटलं, "बघ, तुमच्या जंगलाने कमाल केली!"

तो हळूच म्हणाला, "साहब, इहें हमर बबा के घर रहिस." म्हणजे इथेच आमच्या आजोबांचं घर होतं.

मला एकदम 2001 चा डिसेंबर आठवला. ऑपरेशन पराक्रम. सीमेवरच्या एका गावात मी स्वतः उभा राहून घरं रिकामी करवली होती. एक म्हातारे शेतकरी उभ्या पिकाकडे बघत होते. मी त्यांना शब्द दिला, "बाबाजी, परत याल." ती माणसं परतली. पण काही महिन्यांनी, आणि परत आली तेव्हा शेतात आमचे सुरुंग होते. तरी ती परतली. सौंफच्या माणसांना असा शब्द कुणी देऊच शकत नव्हतं, कारण ती परत न येणं हाच तर उपाय होता.

मग ते चुकलं का? मी त्या जागी असतो तर हाच हुकूम दिला असता. 66 जनावरं उरली असताना दुसरा रस्ता मला दिसत नाही. पण त्या हुकमाची किंमत जिल्हाधिकाऱ्याने दिली नाही, मी दिली नाही, जिप्सीत बसणाऱ्या तुम्हीही नाही. ती एका आजोबांनी दिली आणि त्यांचा नातू आज तिथेच आपल्याला बारशिंगा दाखवतो.

आपल्या ताडोबातही हेच आहे. जामणी, नवेगाव ही नावं आपण वाघ दिसण्याच्या जागा म्हणून घेतो. ती गावं होती. तिथे चुली पेटत होत्या.

सफारी संपल्यावर गाईडला मी त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी डायरीत लिहून ठेवलंय. परवानगी घेतली नव्हती, म्हणून इथे सांगत नाही.

वाघ? दिसला नाही. सौभाग्यवती पुन्हा जायचं म्हणतात. तुम्ही गेलात तर गाईडला वाघाबरोबर एवढंही विचारा, "इथे आधी कोणतं गाव होतं?" पुढच्या भागात भेटू. जय हिंद.