पुठ्ठ्याच्या पोटातली चुणी

पुठ्ठ्याचा खोका फाडला की दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसतो. खोक्याची सारी ताकद या लाटेत आहे, आणि तिचा जन्म झाला टोपीसाठी. इंग्लंडमध्ये १८५६ साली एडवर्ड हीली आणि एडवर्ड अ‍ॅलन यांनी चुणीदार कागदाचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या उंच टोप्यांच्या अस्तरासाठी.

लाट त्यांना सुचली कुठून? पहिलं उत्तर नालीदार पत्र्याचं. हेन्री पामर यांनी त्याचं पेटंट १८२९ मध्येच घेतलं होतं. मला ते पटत नाही. पत्र्याला लाट देतात ती तो वाकू नये म्हणून. टोपीतल्या कागदाला ती हवी दबून पुन्हा उसळायला. माझ्या मते हे कूळ कपड्यांचं आहे. सोळाव्या शतकापासून युरोपात गळ्याभोवतीच्या झालरींना खळ देत आणि तापल्या कांबीने चुण्या पाडून त्या ताठ करत. पुढे कांबीच्या जागी दातेरी रुळांची जोडी आली. कागदाला लाट पाडणारं यंत्रही तेच करतं: ओल, उष्णता आणि दातेरी रूळ. शिवाय टोपी हा कपड्यांच्याच धंद्यातला माल.

आक्षेप एक आहे आणि तो वजनदार आहे. सुझन नॉक्स यांचं हाताने फिरवायचं चुण्यांचं यंत्र अमेरिकेत १८६६ सालचं, म्हणजे टोपीच्या पेटंटनंतरचं. पण तापल्या लोखंडाने कापड चुणण्याची कला तोवर तीनेकशे वर्षं जुनी झाली होती. कागदाला ती पुरेशी होती.

पुढचं सर्वज्ञात आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये या कागदात बाटल्या गुंडाळल्या, १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी लाटेला सपाट कागद चिकटवून ती पसरायची थांबवली, आणि ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांनी घडीचा खोका कारखान्यात आणला. चिकटवायला बराच काळ सोडियम सिलिकेट असे. १९३० च्या दशकापासून मक्याच्या स्टार्चची खळ आली. झालरीची खळ कागदाकडे परतली, तरी उशिरा आलेला हा दुवा मी पुराव्यात धरत नाही.

आज कोकणातला हापूस लाकडी पेटीऐवजी बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघतो. त्या खोक्याच्या बाजूंत लाटा उभ्या ठेवतात, म्हणून एकावर एक रचलेल्या खोक्यांचा भार खालचा खोका पेलतो. इथे लाट उसळत नाही, ती खांबासारखी उभी राहते. एवढ्यापुरता पत्र्याचा पक्ष मला मान्य आहे.